मेनफ्रेमचा सीपीयू चढलाय? फुकटचं टूल शोधताना या चुका टाळा

"भाऊ, एलपार शंभर टक्क्यांवर आहे. एखादं फुकटचं टूल सांगा ना." असा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. (एलपार म्हणजे मेनफ्रेम या मोठ्या संगणकाचा वेगळा केलेला भाग, जो स्वतंत्र मशीनसारखा चालतो.) पाठवणारा बहुतेक आपल्याच भागातला असतो. शिरपूरला किंवा बांभोरीला इंजिनिअरिंग केलेला, पुण्याच्या कंपनीत मेनफ्रेम सपोर्टला लागलेला आणि आता चोपड्याच्या नाहीतर धुळ्याच्या घरातून रात्रपाळी करणारा. मी अमळनेरातून हेच काम करतो, त्यामुळे त्याची घालमेल कळते. रात्री दोनला बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबचा गठ्ठा) अडकलेली, तिकडे परदेशातला मॅनेजर कॉलवर आणि इकडे इन्व्हर्टर टीं-टीं करतोय.

तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शंभर टक्के आहे, पण थांबलंय कोण?

शंभर टक्के म्हणजे आजार, हा समज

विंडोजवर वाढलेल्या माणसाला सीपीयू शंभरवर दिसला की धडकी भरते. मेनफ्रेमचं तसं नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर जाऊन पाहा. काटा दिवसभर रिकामा नसतो आणि मालकाला तेच हवं असतं. बघायचं असतं ते रांगेत कोण उभं आहे ते. ज्याची गाडी आधी सोडायची तोच अडकला असेल तर गोंधळ. ज्याला घाई नाही तो थांबला तर काय बिघडलं?

झेडओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही रांग वर्कलोड मॅनेजर हा तिचा भाग लावतो. कामांच्या प्रत्येक गटाला, म्हणजे सर्व्हिस क्लासला, ध्येय दिलेलं असतं आणि 1 ते 5 असं महत्त्व. परफॉर्मन्स इंडेक्स 1 किंवा त्याखाली असला की ध्येय गाठलं जातंय, 1 च्या वर गेला की चुकतंय. महत्त्व 1 आणि 2 चे क्लास ध्येय गाठत असतील तर शंभर टक्के हा आकडा बघून झोप उडवू नका.

मात्र तक्रार वेगाची आहे की बिलाची, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच जुन्या करारांमध्ये सॉफ्टवेअरचं मासिक भाडं चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या महिन्यातल्या सर्वांत उंच टोकावर ठरतं. तिथे कोणाचंच काम अडलेलं नसतं, तरी खिशाला चाट बसते. बिलाची तक्रार असेल तर रात्रीचा एखादा जड जॉब दोन तास पुढे ढकलूनही भागतं. वेगाची असेल तर नाही.

हाताशी असलेलं सोडून इंटरनेटवर शोधत बसणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका विमा कंपनीचं काम होतं. महिनाअखेरचा एक जॉब एरवी चार-पाच मिनिटं सीपीयू घ्यायचा, तो अचानक चाळीस मिनिटांवर गेला. आम्ही तिघांनी दोन दिवस काय केलं? फुकट प्रोफाइलर (प्रोग्राममध्ये सीपीयू कुठे जातो ते दाखवणारे) शोधले. एक सापडला, तो बसवायला सिक्युरिटीवाल्यांची परवानगी मागितली आणि उत्तराची वाट पाहत बसलो.

तिसऱ्या दिवशी टीममधल्या एका जुन्या ऑपरेटरने मागच्या दोन महिन्यांचे जॉब लॉग उघडले आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं. जॉबची प्रत्येक स्टेप (टप्पा) संपली की सिस्टिम आयईएफ032आय हा मेसेज लिहिते, जुन्या रिलीजवर आयईएफ374आय. त्यात त्या स्टेपचा सीपीयू आणि एसआरबी (सिस्टिमच्या सेवांचा) वेळ असतो. बाकी सगळ्या स्टेप जशाच्या तशा होत्या, फक्त तिसरी फुगली होती. त्या स्टेपमधला प्रोग्राम डीबी2 या डेटाबेसला जाणारा. चौकशी केली तर कळलं की एक स्टेजिंग टेबल रिकामं असतानाच त्यावर रनस्टॅट्स (टेबलाची आकडेवारी गोळा करणं) चालवलं गेलं होतं आणि पाठोपाठ रीबाइंड (त्या आकडेवारीवरून डेटा शोधायचा मार्ग नव्याने ठरवणं). टेबलात एकही ओळ नाही असं तो मार्ग निवडणाऱ्या ऑप्टिमायझरला सांगितल्यावर तो इंडेक्स कशाला वापरेल? त्याने टेबलस्पेस स्कॅन, म्हणजे सगळं टेबल वाचून काढणं, निवडला. महिनाअखेरीला टेबल भरलं आणि स्कॅन महागात पडला. टेबल भरलेलं असताना पुन्हा रनस्टॅट्स, पुन्हा रीबाइंड, आणि जॉब परत पाच मिनिटांवर.

यात विकत किंवा डाउनलोड केलेलं काहीच लागलं नाही. स्पूल (जॉबच्या आउटपुटचा साठा), आर्काइव्ह केलेले लॉग आणि प्लॅन टेबलवर एक एक्सप्लेन (डीबी2 ने निवडलेला मार्ग दाखवणारी कमांड). डायनॅमिक (चालताना तयार होणारं) एसक्यूएल असेल तर स्टेटमेंट कॅशवरही एक्सप्लेन घेता येतो. फक्त डीबी2 चा आयएफसीआयडी 318 हा ट्रेस (नोंद ठेवणारी सोय) आधीपासून चालू हवा, नाहीतर सीपीयूचे रकाने शून्यच दिसतात आणि माणूस डीबी2 ला क्लीन चिट देऊन मोकळा होतो.

एसएमएफची बेरीज चुकवणं

खरा खजिना एसएमएफच्या, म्हणजे झेडओएस स्वतः लिहीत असलेल्या वापराच्या हिशेबाच्या, नोंदींत आहे. टाइप 30 मध्ये जॉब आणि स्टेपचा हिशेब, 70 मध्ये प्रोसेसरचा, 72 मध्ये सर्व्हिस क्लासचा, 101 मध्ये डीबी2 चा, 110 मध्ये सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीचा. नोंदी काढून घेणारे आयएफएएसएमएफडीपी आणि, नोंदी लॉगस्ट्रीममध्ये (सिस्टिमच्या सलग लॉगमध्ये) जात असतील तर, आयएफएएसएमएफडीएल हे प्रोग्राम सिस्टिमसोबतच येतात. पुढचं वाचन रेक्स या स्क्रिप्ट भाषेने किंवा डीएफसॉर्ट या सॉर्ट करणाऱ्या प्रोग्रामने करता येतं. आणि इथेच माझ्या ओळखीतले निम्मे लोक घसरतात.

टाइप 30 चे सबटाइप असतात. 2 आणि 3 ठरावीक अंतराने लिहिलेले, 4 स्टेप संपल्यावर, 5 जॉब संपल्यावर. तोच सीपीयू तिन्हीकडे नोंदलेला असतो. सगळ्या नोंदी एकत्र करून बेरीज मारली की आकडा दुप्पट-तिप्पट येतो आणि निरपराध जॉब गुन्हेगार ठरतो. बॅच बघायची तर फक्त 4 घ्या, किंवा फक्त 5. उलट सीआयसीएस रीजन (सीआयसीएसची चालू प्रत) आठवडाभर चालतो. त्याची 4 ची नोंद तो बंद होईपर्यंत येणारच नाही. तिथे 2 आणि 3 च लागतात.

दुसरी घसरण ऑफसेटची, म्हणजे नोंदीत रकाना कितव्या बाइटवर आहे त्याची. आयबीएमच्या मॅपिंगमध्ये मोजणी 0 पासून आणि पहिले चार बाइट आरडीडब्ल्यूचे (नोंदीची लांबी सांगणारे). डीएफसॉर्ट 1 पासून मोजतो, म्हणून एक मिळवायचा. रेक्सला आरडीडब्ल्यू दिसतच नाही, म्हणून तीन वजा करायचे. शिवाय सीपीयूचा सेक्शन दर नोंदीत त्याच जागी असेल असं धरू नका. नोंदीच्या सुरुवातीला त्या सेक्शनचा ऑफसेट, लांबी आणि संख्या दिलेली असते, तिथून जा. टीसीबी वेळ, म्हणजे जॉबच्या प्रोग्रामचा सीपीयू वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो. हे विसरलेल्या एकाने मला एकदा 36 तास सीपीयू खाणारा जॉब दाखवला होता. जॉब चालला होता एकूण पाऊण तास!

आणखी एक: मशीन बदललं असेल तर आधीचे आणि नंतरचे सीपीयू सेकंद शेजारी ठेवू नका. नव्या प्रोसेसरचा सेकंद जास्त काम करतो. सर्व्हिस युनिट या मशीनच्या वेगानुसार जुळवलेल्या एककात तुलना करा.

एसडीएसएफच्या पडद्यावर एंटर दाबत राहणं

एसडीएसएफ हे जॉब आणि त्यांचं आउटपुट दाखवणारं साधन. त्याच्या डीए (चालू कामांच्या) पॅनेलवरचे सीपीयू टक्के थोड्याशा काळापुरते असतात. घाईघाईत एंटर दाबलं की आकडे माकडासारखे उड्या मारतात. त्यापेक्षा एकूण सीपीयू वेळेचा रकाना बघा, एक मिनिट थांबा, पुन्हा बघा आणि वजाबाकी करा. वरच्या ओळीत एमव्हीएस (ऑपरेटिंग सिस्टिमच्या नजरेतून) आणि एलपार (हार्डवेअरच्या नजरेतून) असे दोन आकडे असतील तर दोन्ही वाचा. एमव्हीएस नव्वदच्या वर आणि एलपार चाळीसवर असेल तर तुमच्या एलपारला प्रोसेसरच मिळत नाहीये. वेट (एलपारचा ठरलेला वाटा) किंवा कॅपिंग (त्यावरची मर्यादा) तपासायला सांगा. जॉब मारून तिथे काही साधणार नाही.

जॉब खरंच लूपमध्ये असेल तर जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचनांमध्ये) टाइम 1440 कोणी लिहिलंय तेही पाहा. त्याने वेळेची मर्यादाच निघून जाते. ती असती तर एस322 अॅबेंड (वेळ संपल्याची चूक) येऊन जॉब आपसूक थांबला असता.

"फुकट" या शब्दाला फसणं

एसडीएसएफ आणि आरएमएफ (कामगिरी मोजणारं साधन) बहुतेक ठिकाणी असतात, म्हणून ती फुकट वाटतात. ती वेगळी किंमत असलेली फीचर आहेत. तुमच्या ग्राहकाने पैसे भरलेत म्हणून दिसतात. एखाद्या एलपारवर दिसत नसतील तर पार्मलिब या सिस्टिमच्या सेटिंगांच्या लायब्ररीतल्या आयएफएपीआरडी मेंबरमध्ये स्वतःच्या मनाने ती चालू करू नका. तो लायसन्सचा मामला आहे आणि त्याचं बिल तुमच्या नावाने निघेल.

खरोखर मोफत हवं असेल तर सीबीटी टेप पाहा. 1975 पासून जगभरातल्या सिस्टिम प्रोग्रामरांनी जमवलेला हा संग्रह आहे आणि एसएमएफ वाचणारे तयार प्रोग्राम त्यात आहेत. फाइल एक्समिट (पाठवण्यासाठी बांधलेल्या) रूपात असते: बायनरीत पाठवा, एफबी (सारख्या लांबीच्या नोंदी), रेकॉर्ड लांबी 80. टेक्स्टमध्ये पाठवली की रिसीव्ह कमांड ती ओळखत नाही आणि लोक म्हणतात टूल खराब आहे. सोर्स वाचल्याशिवाय आणि परवानगीशिवाय प्रॉडक्शनवर ते चालवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आयबीएमचं झेडबीएनए हे विंडोजवर चालणारं साधन बॅच बघायला चांगलं आहे, तेही विनामूल्य. झेडपीसीआर मात्र क्षमता मोजायला आहे; त्यातून दोषी जॉब सापडणार नाही. झोवे हे पीसीवरून मेनफ्रेमशी काम करायचं साधन मुक्त स्रोत आहे, स्पूल खेचून आणायला झकास, पण ते मॉनिटर नव्हे. आणि घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये एमव्हीएस (झेडओएसचा पूर्वज) चालवून शिका जरूर, फक्त तिथले सीपीयू सेकंद खऱ्या मशीनशी ताडून पाहू नका.

पीसीवर एसएमएफ न्यायचा असेल तर आधी एएमएटर्स या सिस्टिमसोबतच्या प्रोग्रामने पॅक करा, मग बायनरीत उतरवा. सरळ उतरवलात तर व्हीबीएस (कमीजास्त लांबीच्या) नोंदींचे तुकडे होतात. त्या नोंदींत युजर आयडी आणि डेटासेटची नावं असतात. त्यामुळे ग्राहकाच्या परवानगीशिवाय ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर आणू नका. मलाही पाठवू नका.

मला पाठवायचंच असेल तर नावं पुसून एवढं पाठवा: फुगलेल्या स्टेपची आजची सीपीयूची ओळ, महिन्याभरापूर्वीच्या त्याच स्टेपची ओळ आणि मधल्या काळात काय काय बदललं त्याची यादी. दुपारी बारा ते चार सोडून. त्या वेळात आमच्याकडे वीज असेलच असं नाही.