खाडीत कोपेपॉड मोजताय? मग या चुका टाळा

"मागच्या महिन्यात भरपूर होते, या महिन्यात गायबच झाले" असं कोपेपॉडसाठी (पाण्यात तरंगणारे, कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) खाडीत प्लँक्टन नेट (असे जीव गाळणारी बारीक जाळी) ओढणारा प्रत्येकजण कधीतरी म्हणतोच. बहुतेक वेळा गायब कोणी झालेलं नसतं, पाणी सरकलेलं असतं. गोव्यातल्या मांडवी किंवा झुआरी नदीत एका भरतीत पाणी काही किलोमीटर आत जातं आणि कोपेपॉड त्या पाण्याबरोबर जातात, तुमच्या जीपीएस पॉइंटला चिकटून बसत नाहीत.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे घड्याळ बघून सॅम्पलिंग करणं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सोमवारी सकाळी नऊला भरती असेल तर शनिवारी त्याच वेळेला चित्र पार वेगळं असतं, आणि दर पंधरा दिवसांनी जाणार असाल तर अजूनच गंमत, कारण मग कायम उधाणच (मोठी भरती-ओहोटी) नाहीतर कायम भांगच (लहान भरती-ओहोटी) मिळणार आणि तुम्ही त्यालाच खाडीची सरासरी समजणार. भरतीचं टेबल बघून एकच अवस्था ठरवा, आणि प्रत्येक वेळी क्षारता (पाण्याचा खारेपणा) मोजा, वरची आणि तळाची दोन्ही. पावसाळ्यात वर जवळजवळ गोडं पाणी आणि खाली खारट असं दोन मजली प्रकरण असतं, वरच्या पाण्याच्या बादलीत रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) बुडवून काही कळत नाही. आकडे नंतर ठिकाणानुसार न लावता क्षारतेनुसार लावून बघा, अर्धा गोंधळ तिथेच सुटतो. जुलैत हेलिओडायप्टोमससारखे गोड्या पाण्यातले कोपेपॉड दिसले म्हणून घाबरू नका, ते नदीने आणलेत. आणि अकार्शिया हा खाडीतला कोपेपॉड कमी झाला म्हणजे संपलाच असंही नाही, त्याच्या काही जाती तळाच्या गाळात सुप्त अंडी टाकतात, परिस्थिती बरी झाली की ती फुटतात.

दुसरं म्हणजे फक्त दिवसा वरच्या थरात नेट ओढणं. बरेच कोपेपॉड दिवसा खाली असतात, रात्री वर येतात. शिवाय काही जाती भरतीला वर आणि ओहोटीला तळाशी राहतात, तळाशी प्रवाह मंद म्हणून समुद्रात वाहून जात नाहीत (अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखात युरिटेमोरा या कोपेपॉडात हे दिसलंय). जमलं तर तळापासून उभं नेट ओढा.

नेटचंही बघा. 200 मायक्रॉनच्या (0.2 मिलिमीटर भोकांच्या) जाळीतून ओइथोनासारखे बारके कोपेपॉड आणि नॉप्लियस (अंड्यातून नुकतीच निघालेली) पिल्लं सरळ निसटतात, म्हणून "इथे मोठ्या जातीच जास्त" हा निष्कर्ष बऱ्याचदा जाळीचा असतो, खाडीचा नसतो. बारक्यांसाठी 60 मायक्रॉनच्या आसपासची घ्या, पण ती गाळाने पटकन तुंबते. 50 सेंटीमीटर तोंडाचं नेट 100 मीटर ओढलं तर हिशोबाने 19.6 घनमीटर पाणी, तुंबलं तर त्याच्या निम्मंही नसेल, आणि फ्लोमीटर (नेटमधून किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र) नसेल तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही, तुम्ही आपले कोपेपॉड घटले म्हणून रिपोर्ट लिहिणार! जेलीफिश किंवा जवळा भरून आला तर तो आधी वेगळा काढा, नाहीतर बायोमास (जीवांचं एकूण वजन) भलताच फुगतो.

मायक्रोस्कोपखाली बार्नॅकलची (खडकांना चिकटणाऱ्या कवचवाल्या जीवांची) पिल्लं कोपेपॉडच्या नॉप्लियसमध्ये मोजली जातात, हे कॉमन आहे. बार्नॅकलच्या पिल्लाच्या डोक्याला दोन बाजूंना शिंगं असतात, ती बघा. मेलेले कोपेपॉडही जिवंत म्हणून मोजू नका, गाळाच्या पाण्यात ते बरेच निघतात. जिवंत असलेल्यांनाच लाल करणारा न्यूट्रल रेड रंग फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं रसायन) घालायच्या आधीच द्यावा लागतो, नंतर देऊन उपयोग नाही. आणि बोरॅक्स घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये हा लाल रंग उतरतो, मोजायच्या आधी थोडं ॲसिटिक ॲसिड टाकलं की परत येतो. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिनच्या नादी लागू नका, त्याच ओढीतला थोडा भाग वेगळा काढून 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरची मार्करची अक्षरं इथेनॉल सांडला की पुसली जातात.