मोठ्या मॉडेल बोटीत धूर बसवताय? या चुका टाळा

धूर येतच नाही, आला तर कमी येतो, किंवा धुरांड्याच्या तोंडाशीच विरून जातो, असं झालं की बहुतेक जण पहिल्यांदा स्मोक युनिटवर (टाकीतलं तेल तापवून किंवा पाण्याचं मिस्ट, म्हणजे बारीक तुषार, उडवून धूर बनवणारं यंत्र) संशय घेतात आणि दुसरं मोठं युनिट घ्यायला निघतात. माझं मत अगदी ठाम आहे, आधी हवा तपासा. धूर तयार करणं तुलनेनं सोपं असतं, तो टाकीतून उचलून नळीतून वर नेऊन बाहेर सोडणं हे खरं काम आणि तिथेच सगळे अडकतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, एकदम पॅकबंद करणं. पाणी आत जाऊ नये म्हणून डेक नीट सील केलं, छान केलं, पण फॅनला हवा कुठून मिळणार? बंद डब्यातली हवा फॅन बाहेर ढकलूच शकत नाही, तो नुसता जागच्या जागी गरगरतो. डेकवरचे व्हेंटिलेटर, स्कायलाइट, केबिनच्या खिडक्या, यातलं काहीतरी खरंखुरं उघडं ठेवा, आणि त्या वाटेची एकूण जागा धुराच्या नळीपेक्षा जास्तच असू द्या.

फॅन कुठला हेही महत्त्वाचं. कॉम्प्युटरमधला चपटा पंख्यासारखा फॅन मोकळ्यात भरपूर हवा देतो पण पुढे नळी आणि वळणं आली की त्याचा जोर संपतो. इथे ब्लोअर लागतो, गोगलगायीच्या शंखासारखं घर असलेला. आणि तो धूर ओढायला लावू नका, टाकीच्या आधी लावा म्हणजे स्वच्छ हवा टाकीत ढकलेल. धूर फॅनमधूनच गेला तर तेलाचा चिकट थर बेअरिंगवर बसतो, किंवा मिस्ट असेल तर पाणी, आणि मोटर काही दिवसांत जाम होते. बंद करतानाही आधी हीटर बंद, मग अर्धा एक मिनिट फॅन तसाच चालू, नाहीतर उरलेला धूर उलटा फॅनमध्ये आणि हलमध्ये येतो.

मग नळी. जागा नाही म्हणून बारीक नळी टाकतात, पण व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं आणि अडथळा त्याहून कितीतरी वाढतो, वर भिंतींवर धूर जमून थेंब होतात ते वेगळंच. होईल तेवढी रुंद घ्या, वळणं कमी ठेवा, आणि नळी कुठेही खाली झोळ घेऊन परत वर जाता कामा नये. झोळ असला की वाफेचं पाणी किंवा तेल तिथे साठतं, मग धूर सलग न येता गचके देत येतो आणि कान लावला तर आत बुडबुड ऐकू येते. हे लक्षण दिसलं की युनिट उघडत बसू नका, नळी सरळ करा. टाकीपासून धुरांड्यापर्यंत सतत चढ असला की जमलेले थेंब आपोआप टाकीत परत येतात.

दोष नक्की कुठे आहे ते शोधायचं असेल तर धूर बंद ठेवून फक्त फॅन चालू करा आणि धुरांड्याच्या तोंडावर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी धरा. पट्टी ताठ वर उडाली तर हवा ठीक आहे. नुसती थरथरली तर डेकचं झाकण काढून परत बघा, आता उडाली म्हणजे आत हवा यायची वाट कमी पडत होती. तरीही नाही उडाली तर नळी काढा आणि थेट टाकीच्या तोंडावर पट्टी धरा. इथे उडाली तर दोष नळीत, इथेही नाही तर फॅनमध्ये किंवा टाकीच्या गळक्या झाकणात. दोन मिनिटांचं काम आहे, पण करत कोणी नाही.

तेलावर चालणारं युनिट असेल तर

यात गरम तार असते, तिच्याभोवती वात, आणि वातेतून तेल वर चढतं. युनिट कोरडं चाललं की कापसाची वात जळून काळी कडक होते आणि मग तेल चढतच नाही, टाकी भरलेली असली तरी धूर नाही आणि करपल्याचा वास येतो. अशी वात साफ करून उपयोग नाही, बदला, आणि शक्यतो फायबरग्लासची घाला. उलट गडबडही होते, काठोकाठ भरल्यामुळे तार पूर्ण बुडते, तेल तापतच नाही, नुसते थेंब उडतात. थोडं काढून घेतलं की दोन मिनिटांत धूर सुरू होतो.

स्मोक ऑइल आणि फॉग मशीनचं ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनवालं लिक्विड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नका, युनिट ज्यासाठी बनलंय तेच घाला. ग्लिसरीनवालं लिक्विड जास्त तापलं तर त्याचं विघटन होऊन अ‍ॅक्रोलीन नावाचा डोळे-घसा जाळणारा विषारी वायू होतो, म्हणून धुराला तिखट वास आला की लगेच बंद करा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल याचा विचारसुद्धा नको. साधं स्मोक ऑइलही हलमध्ये गळता कामा नये, कारण त्याची वाफ पेटू शकते आणि आत ब्रशवाल्या मोटरची ठिणगी असते. जोड सगळे घट्ट, आणि हीटरला थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) हवाच हवा.

थ्रीडी प्रिंट केलेलं पीएलए प्लास्टिकचं धुरांडं साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं, एबीएस प्लास्टिकचं १०० च्या आसपास. आतून पितळेची नळी घाला आणि तिच्याभोवती हवेची मोकळी जागा सोडा, मग बाहेरचा रंगही फुगत नाही.

पाण्याची वाफ, म्हणजे मिस्ट मेकर

मोठ्या बोटीला मला हा प्रकार जास्त आवडतो, आग नाही, वास नाही, तळ्यातल्या माशांनाही त्रास नाही. बुडवायच्या डिस्क साधारण १.७ मेगाहर्ट्झवर थरथरतात आणि काही मायक्रॉनचे थेंब उडवतात. पण डिस्कवर पाणी किती, यावर सगळं अवलंबून आहे. जास्त झालं तर वर नुसता फुगवटा दिसतो, मिस्ट नाही, आणि कोरडी पडली तर डिस्क काही सेकंदात जाते. बोट हलते, कलते, त्यामुळे टेबलावर नीट चालणारी डिस्क तळ्यात मध्येच उघडी पडते. टाकी अरुंद आणि खोल ठेवा.

नळाच्या पाण्यातले क्षार डिस्कवर बसतात आणि वाफेबरोबर उडून डेकवर पांढरी पूड पसरवतात, गडद रंगाच्या केबिनवर तर फार वाईट दिसते. म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरायचं, पण इथे एक गंमत आहे. काही मिस्ट मेकरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला दोन पिना असतात, त्या पाण्यातून वीज वाहते का ते बघतात, आणि अगदी शुद्ध पाण्यातून ती पुरेशी वाहत नाही. म्हणजे टाकी भरलेली, वायरिंग बरोबर, तरी युनिट मेल्यासारखं पडून. मिठाचे दोन-चार कण टाकले की चालू होतं. नवीन युनिट फेकायच्या आधी हे नक्की करून बघा.

डिस्कच्या वर पाण्याचं कारंजं उडतं, त्यामुळे नळीचं तोंड बरोबर त्याच्यावर नको, नाहीतर धुरांड्यातून थेंब पडतात. मधे तिरकी पट्टी लावा. शिवाय ही वाफ थंड आणि जड असते, फॅनचा जोर संपला की धबधब्यासारखी डेकवर उतरते, आणि कोरड्या उन्हात तर दिसेपर्यंत उडून जाते. सकाळची दमट, शांत वेळ हिला मानवते.

टाकीतलं पाणी डुचमळून बोट डोलते हेही विसरू नका. टाकी बोटीच्या लांबीच्या दिशेने मधे भिंत घालून दोन भागांत केली तर हा परिणाम पाववर येतो. आणि टाकी धुरांड्यात वर नाही, खाली तळाशी.

बॅटरीचा घोटाळा

हीटर ४ ओमचा आणि बॅटरी १२ व्होल्टची असेल तर ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट. व्होल्टेज दुप्पट केलं की उष्णता चौपट होते, म्हणून ६ व्होल्टचं युनिट १२ वर लावलं तर धूर दुप्पट नाही होत, तार जाते. हीटर रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) सप्लायवर कधीच नको, व्होल्टेज पडून कंट्रोल जातो आणि बोट तळ्याच्या मध्यावर उभी राहते. थेट मुख्य लिपो बॅटरीवर लावला तर ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की वीज तोडणं, त्याला लागू होत नाही, मोटर थांबली तरी हीटर सेल रिकामे करत राहतो. वेगळी बॅटरी, वेगळा फ्यूज, वेगळा कटऑफ.

खरा वाटत नाही म्हणता?

धूर एकसारखा येत राहिला तर खोटाच वाटतो. डिझेल टग (जहाजं ओढणारी बोट) थ्रॉटल, म्हणजे वेग, दिल्यावर जोरात धूर टाकते, मग शांत होते. म्हणून फॅनचा वेग थ्रॉटलशी जोडा, आयडलला थोडासा, वेग वाढताना एक झोत, मग कमी. कोळशाच्या बोटीतही नवीन कोळसा टाकल्यावर दाट धूर यायचा, एरवी नीट चालवलेल्या बॉयलरला तो कमीच.

वाऱ्याचा हिशोब फार कमी जण करतात. १:२५ मॉडेलला (खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं) खऱ्या बोटीच्या पाचव्या भागाएवढा वेग शोभतो, कारण लाटांच्या हिशोबात वेग स्केलच्या वर्गमुळाने उतरतो. तोच हिशोब वाऱ्याला लावा, तासाला १० किमीची झुळूक मॉडेलसाठी ५० किमीचा वारा झाला. अशा वेळी धूर आडवाच होणार, युनिट वाढवून काही फरक पडत नाही.

काळा धूर या दोन्ही पद्धतींनी मिळत नाही, आणि त्यासाठी काहीही जाळू नका. धुरांडं आतून मॅट काळं करा, एवढ्यानेही धूर गडद भासतो.

कुठल्या धुरांड्यातून धूर काढायचा हे खऱ्या जहाजाच्या माहितीवरून ठरवा. टायटॅनिकच्या २९ बॉयलरचा धूर पुढच्या तीन धुरांड्यांतून जायचा, चौथं मुख्यतः हवेसाठी होतं, तिथून दाट धूर काढला तर जाणकार लगेच पकडतात. लुसिटानिया आणि मॉरेटानिया या त्याच काळातल्या जहाजांची मात्र चारही खरी होती. १९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेवर पुढचा मास्ट (डोलकाठी) धुरांड्याच्या मागे होता आणि वरच्या टेहळणीच्या जागेत धूर भरायचा, म्हणून त्या मॉडेलमध्ये धूर मास्टला गुंडाळला तर दुरुस्त करायला जाऊ नका.

घरी आल्यावर टाकी रिकामी करा, मिस्टची डिस्क पातळ व्हिनेगरने पुसून कोरडी करा आणि तेलाची बोट उभी न ठेवता सपाटच ठेवा, नाहीतर उरलेलं तेल नळीतून फॅनपर्यंत पोचतं.