घोडेस्वारीत या चुका टाळा: दोष घोड्याचा नसतो

नवखा स्वार घोड्याबद्दल शंभर प्रश्न विचारतो. खुराक किती, नाल कधी बदलायचे, दात कोण तपासतं. स्वतःच्या कमरेबद्दल एकही नाही. तबेल्यात इतकी वर्षं काढल्यावर त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

‘पळतो तर घोडा, मला कशाला व्यायाम?’

असं म्हणणाऱ्याला मी लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या शांत घोड्यावर बसवतो आणि दुडकी चाल धरायला लावतो. दुडकीत घोड्याचे कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकदम पडतात. स्वाराने एका ठोक्याला उठायचं आणि दुसऱ्याला हलकेच टेकायचं. सुरुवातीला छान जमतं. मग पोट आणि मांड्या थकतात, टेकण्याऐवजी गडी आदळायला लागतो आणि तोल सावरायला लगामाला लोंबकळतो. लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात नसतं. घोडा मान वर करतो, पाठ चोरतो, कान मागे टाकतो. वरून आवाज येतो, ‘आज हा ऐकतच नाहीये.’

यावर तोडगा म्हणून लोक गुडघे आवळतात. त्याने मांड पक्की होत नाही, उलट माणूस खोगिरातून वर ढकलला जातो. मी रोज जिने चढतो, प्लँक करतो आणि दात घासताना एका पायावर उभा राहतो. हे शास्त्रशुद्ध आहे की नाही यावर वाद घालू नका, मला उपयोग झालाय. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी जांघेतले स्नायू ताणायला विसरू नये. ते आखडले की पाय सैल लोंबत नाही आणि टाच खाली जात नाही. मग शिकवणारा ‘टाच खाली’ म्हणून घसा कोरडा करतो.

घोड्याचा वाकडेपणा शोधत बसणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझा एक घोडा सतत उजवीकडे झुकायचा. मी खोगीर तपासलं, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) बदलला, नालबंदाला बोलावलं, दात पाहून घेतले. काहीच सापडेना. मग दुसरा घोडा घेतला, तर तोही उजवीकडे. तिसऱ्यानेही तेच केलं तेव्हा घोड्यांची निगा राखणारा आमचा म्हातारा मोतद्दार शांतपणे म्हणाला, ‘साहेब, तिन्ही घोड्यांवर एकच गोष्ट सारखी आहे.’ त्याने आपल्या पोराला त्याच घोड्यावर बसवलं आणि जनावर सुतासारखं सरळ चाललं.

घरी येऊन दोन वजनकाटे शेजारी ठेवले आणि एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभा राहिलो. उजव्या पायावर ६ किलो जास्त. काही वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता. दुखायचं थांबल्यावर मी व्यायाम सोडून दिला होता, पण शरीर मात्र तो पाय वाचवतच राहिलं. पुढे फिजिओथेरपिस्टकडे बरेच महिने घालवले. आता फरक २ किलोंवर आलाय. त्या तीन घोड्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. खोगीर बदलण्याआधी ही काट्यांची परीक्षा करून बघा, फार स्वस्त पडते.

पडलो की लगेच पुन्हा चढायचं

ही मर्दुमकी मला अजिबात आवडत नाही. डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी खोगिराकडे बघायचंही नाही. मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं कधीकधी काही तासांनी दिसतात: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय रिकिबीत पाय नको. हेल्मेटही बदला. वरून ते धड दिसतं, पण आतला फोम एकदा दाबला गेला की पुन्हा फुगत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

उपाशीपोटी रपेट करू नका. चक्कर घोड्यावर आली तर टेकायला भिंत नसते.

तहान लागेपर्यंत पाणी न पिणं. घोड्याला पाणी दाखवता, तेव्हा स्वतःही प्या.

दर वेळी जमिनीवरून डाव्या बाजूनेच लटकत चढणं. चौथरा वापरा. त्यात कमीपणा नाही, घोड्याची पाठ वाचते.

वजन. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ५०० किलोंच्या घोड्यावर १०० किलो. पण त्यासाठी आठवडाभर उपाशी राहून वजन उतरवू नका. अशक्त स्वार पोत्यासारखा बसतो.

‘आता वय झालं’ ही सबब. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेला) उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते.

आणि हो, ‘किती दिवसांत भरधाव पळवता येईल?’ असं पहिल्याच दिवशी विचारणारे. त्यांच्या हातात मी खराऱ्याचा ब्रश देतो आणि अख्खा घोडा दोन्ही बाजूंनी घासायला सांगतो. निम्म्यांना दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत धाप लागलेली असते.