पाणबुडीतली माणसं वर काढाची तयारी: नेव्हीत चाललेल्या आपल्या पोट्ट्यांसाठी

पोट्टेहो, दिग्रस-आर्णीकडचे तुमच्यातले जे नेव्हीत लागले आणि पुढं डायव्हिंग नाईतं सबमरीनची लाइन धराचं म्हणतात त्यांच्यासाठी हे लिहितो. समुद्र आपल्यापासून लय दूर, घरी विचारावं तं कोणाले माहीत नसते. मी सर्व्हिस करून आता शेती पाहतो, पण बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढाच्या सरावाबद्दल कोणी विचारलं की हातातलं काम सोडून सांगतो, काहून की ही तयारी अपघात झाल्यावर करताच येत नाही.

सगळ्यात आधी डोकं तयार पायजे, सामान मंग. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कुठं ना कुठं विहिरीतला गाळ काढाले एकजण उतरते, खालच्या गॅसनं पडते, त्याले धराले भाऊ उतरते तोही पडते, मंग तिसरा. हिंमत तिघांचीही असते, पण हवा कोणी तपासलेली नसते, दोर बांधलेला नसते, वर कोण थांबन हे ठरलेलं नसते. समुद्रातही तसंच. कोण उतरन, कोण वर राहीन, कोणत्या परिस्थितीत थांबाचं, हे किनाऱ्यावरच लिहून ठेवाचं.

मंग घड्याळ पाहा. नाटोची रेस्क्यू यंत्रणा पहिला माणूस 72 तासांत बाहेर काढाचं टार्गेट धरून चालते, आणि त्यातला पुष्कळ वेळ पाण्यात नाई, रस्त्यात अन् गोदीत जाते. म्हणून क्रेन कोणती, ट्रेलर कोणत्या रस्त्यानं जाईन, विमानात कोणता डबा आधी चढन, हे खरंखुरं करून पाहाचं. आपल्या नेव्हीकडं डीएसआरव्हीचे, म्हणजे खोल पाण्यात जाणाऱ्या रेस्क्यू गाडीचे, दोन संच आहेत, पहिला 2018 मध्ये मुंबईले आला, दुसरा विशाखापट्टणमले, 650 मीटरपर्यंत जाते आणि एका खेपेत 14 जण आणते. कलवरी क्लासच्या पाणबुडीवर चाळीसच्या वर माणसं, म्हणजे तीन-चार खेपा धराच. एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची नांगाला बालीजवळ हरवली तेव्हा विशाखापट्टणमहून आपला संच दुसऱ्याच दिवशी निघाला, पण पाणबुडी सापडली ते तुकडे होऊन 838 मीटरवर, 53 जण गेले. मिळन त्या जहाजाच्या डेकवर संच वेल्डिंग करून बसवाले वेळ जाते, म्हणून जुलै 2025 मध्ये आलेलं आयएनएस निस्तार हे जहाज मले लय महत्त्वाचं वाटते, ते याच कामासाठी बांधलं आहे.

आता हॅच, म्हणजे पाणबुडीतून बाहेर पडाचं झाकण. तयारीच्या यादीतली ही ओळ लाल पेनानं लिहा. पाणबुडीच्या एस्केप हॅचभोवती सपाट लोखंडी कडं असते, रेस्क्यू गाडीचा खालचा घागरा त्याच्यावर बसते, मंग घागऱ्यातलं पाणी उपसाचं, की बाहेरचा समुद्र स्वतःच गाडीले दाबून धरते. 100 मीटरवर दर चौरस सेंटिमीटरले साधारण 10 किलो जास्तीचा दाब, दीड मीटर व्यासाचं तोंड धरलं तं 170 टनांच्या वर जोर होते, नटबोल्टची गरजच नाही. पण त्या कड्यावर दोराचा तुकडा, फाटलेली जाळी, लोखंडाले एक पोचा, एवढं असलं तरी सील बसत नाही. म्हणून सरावात तळाशी नकली कडं तिरपं ठेवाचं, गढूळ पाण्यात बसवाचं, पुन्हा पुन्हा. रशियाची पाणबुडी कुर्स्क 12 ऑगस्ट 2000 ले फक्त 108 मीटरवर बुडाली, 118 माणसं होती, स्फोटानंतर 23 जण मागच्या नवव्या कप्प्यात जमले होते, रशियाच्या छोट्या पाणबुड्यांले हॅचवर बसताच आलं नाही, आणि नॉर्वेच्या डायव्हरनं हॅच उघडली तोवर 21 तारीख उजाडली, आत कोणी जिवंत नव्हतं. मदत पहिल्याच दिवशी मागाची, हेही यादीत टाका. त्याच्यानंतरच तं इस्मेर्लो नावाचं समन्वय कार्यालय उभं राहिलं, कोणत्या देशाचं रेस्क्यू सामान कुठं आहे हे एका ठिकाणी कळावं म्हणून.

आतल्या माणसांची तयारी वेगळी. लोकांले वाटते ऑक्सिजन संपते, पण बहुतेक वेळा आधी कार्बन डायऑक्साइड मारते. कप्प्यात पाणी घुसून दाब वाढला असन तं आणखी वाईट, पाच पट दाबात 2 टक्के म्हणजे अंगाले 10 टक्क्यांसारखे. म्हणून गॅस शोषणारं रसायन, ते मोजणारं यंत्र, हालचाल कमी करून पडून राहाची शिस्त, आणि ऑक्सिजनच्या कार्ट्रिजले तेल-पाणी लागू न देणं, कुर्स्कमध्ये त्यानंच आग लागली होती. विशाखापट्टणमले आयएनएस सातवाहन या नेव्हीच्या ट्रेनिंग तळावर विनेत्र नावाचं एस्केप ट्रेनिंगचं टॉवर डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालं, तुमचा नंबर लागला तं घाबरू नका, श्वास धरू नका, वर येताना हवा सोडत राहा.

वर आल्यावर काम संपत नाही. दाबात राहिलेला माणूस सरळ डेकवर काढला तं रक्तात बुडबुडे होतात, म्हणून डीकंप्रेशन चेंबर, म्हणजे अंगावरचा दाब हळूहळू उतरवाची बंद खोली, आधीच तयार, डॉक्टर आत, जागा मोजलेली. पहिल्या खेपेचे अजून चेंबरमध्ये असतील आणि दुसरी खेप आली तं कुठं ठेवाचं, हे सरावात विचारलंच पायजे. 1939 मध्ये अमेरिकेची पाणबुडी स्क्वालस बुडाली तेव्हा 33 जण केबलनं खाली सोडलेल्या रेस्क्यू चेंबरनं जिवंत काढले, चार खेपांत, शेवटच्या खेपेत केबल तुटत आली होती. केबल, दोर, शॅकल (दोर अडकवाची लोखंडी कडी) यांची तपासणी तारीख टाकूनच कराची.

शेवटी घरचे. कुर्स्कच्या वेळी नातेवाइकांले दिवसचे दिवस उलटसुलट बातम्या भेटत होत्या. सरावात एक माणूस फक्त घरच्यांशी बोलाले नेमा, आणि क्रूच्या यादीत नावापुढं घरी कोणती भाषा बोलतात, फोन कोण उचलते, रेंज नसली तं शेजारी कोणाकडं निरोप द्याचा, हे लिहा. आपल्याकडच्या कितीक माउल्यांले फोनवरची साहेबी हिंदी उमजत नाही, त्यांले मराठीतून सांगणारा पायजे. तुमच्या फॉर्मात हा कॉलम रिकामा असन तं गाडीत बसाच्या आधी भरून टाका.