कंपवातातल्या दुखण्याची नोंद कशी ठेवावी

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाला काय दुखते हे डॉक्टरांना आठ-दहा मिनिटांत सांगायचे असते, आणि बहुतेक घरांतून एवढेच सांगितले जाते की ‘सगळे अंगच दुखते’. एवढ्यावर डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहून दिली, तर दोष त्यांचा नाही. माझ्या यजमानांच्या आजाराला चौदा वर्षे झाली. त्यांच्या आणि पुढे ओळखीच्या इतर शुभार्थींच्या (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात) अशा नोंदी मी अनेकदा केल्या आहेत. ‘वय झाले, दुखायचेच’ आणि ‘चांगले तेल चोळा’ या दोन सल्ल्यांचा मला आता मनस्वी कंटाळा आला आहे. जेम्स पार्किन्सन यांच्या १८१७ मधल्या मूळ निबंधातही संधिवातासारख्या दुखण्याचा उल्लेख आहे, तरी आजही कित्येकांच्या खांद्यावर आधी ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून उपचार होतात. आमच्याकडे ते आठ महिने चालले.

वही कोणतीही चालेल. भेटीच्या आधीच्या आठवड्यातले सलग चार दिवस निवडावेत. प्रवासाचे किंवा लग्नकार्याचे दिवस टाळावेत.

खरी अडचण वेळेची आहे, आणि मी स्वतः पहिली दोन वर्षे इथेच चुकले. रात्री जेवणे आटोपल्यावर मी यजमानांना विचारत असे, ‘आज किती दुखले?’ आणि ते उत्तर देत त्या क्षणी वाटेल ते. संध्याकाळची गोळी लागू झालेली असेल तर ‘फारसे नाही’, उतरलेली असेल तर ‘दिवसभर जीव गेला’. लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, परिणाम सुरुवातीच्या वर्षांत दिवसभर पुरल्यासारखा वाटतो. पुढे तो तीन-चार तासांत ओसरू लागतो, आणि तो ओसरताना हालचालीबरोबर वेदनाही बदलतात. त्यामुळे आठवणीवर लिहिलेली नोंद बिनकामाची असते, हे मी ठामपणे सांगते.

त्याऐवजी जागेपणी दर तासाला मोबाईलचा गजर लावावा आणि गजर झाला की आधी दुखण्याविषयी विचारूच नये. प्रथम शुभार्थीला एक ठरलेली कृती करायला सांगावी, उदाहरणार्थ अंगठा आणि तर्जनी दहा वेळा जुळवणे. बोटे सहज चालली तर ‘मोकळे’ लिहावे, अडखळली तर ‘आखडलेले’, आणि अंग आपोआप वळवळत असेल तर ‘वळवळ’. त्यानंतर कुठे दुखते ते हाताने दाखवायला सांगावे, आणि शेवटी कसे दुखते ते विचारावे. इथे आपली भाषा फार उपयोगी पडते: ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, बधिरपणा, पेटका, ओढ. ‘दुखते’ हा एकच शब्द लिहिण्यापेक्षा यांपैकी शुभार्थीने स्वतः उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहावा. आपण तो सुचवू नये, कारण थकलेला माणूस सुचवलेल्या प्रत्येक शब्दाला मान डोलावतो. शेजारी गोळीची ठरलेली वेळ न लिहिता ती प्रत्यक्ष घेतल्याची वेळ लिहावी, आणि जेवणाचीही. आमची दुपारची एकची कळ उसळीच्या जेवणाबरोबर घेतलेल्या गोळीमुळे होती, हे वहीमुळेच कळले. प्रथिने आणि लेव्होडोपा शरीरात शोषले जाताना एकमेकांच्या आड येतात. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला लावली. यावरून कोणी डाळ-उसळ बंद करू नये, वजन घटते आणि शक्ती जाते.

पहाटेची नोंद वेगळी करावी. रात्रीच्या औषधाचा असर संपलेला असताना पायाची बोटे आत वळतात, पाऊल वाकडे होते आणि पोटरीत असह्य पेटका येतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत यातले काहीच दिसत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवावे. यजमान पहिल्या वेळी माझ्यावर रागावले होते, तरीही मी ते केले.

चार दिवसांनी वही वाचली की दुखण्याचे गट आपोआप पडतात. गोळी उतरताना येणारी आणि पुढची लागू झाल्यावर जाणारी वेदना बहुधा औषधाच्या वेळापत्रकाशी जोडलेली असते. दिवसभर एकसारखे राहणारे खांद्याचे, कमरेचे किंवा गुडघ्याचे दुखणे स्वतंत्रपणे तपासून घ्यावे लागते. तळपायांची आग आणि मुंग्या असतील तर साखर आणि बी १२ तपासण्याविषयी विचारावे. दीर्घकाळ लेव्होडोपा घेणाऱ्यांत बी १२ कमी आढळते. एका जागी बसवेना अशी आतली तगमग दुखणे म्हणून न सांगता तगमग म्हणूनच सांगावी. निष्कर्ष मात्र डॉक्टरांनी काढायचा आहे. गोळी स्वतःहून वाढवू, कमी करू किंवा बंद करू नये. लेव्होडोपा एकदम थांबवणे धोक्याचे असते.

पडल्यानंतरचे दुखणे, छातीतली कळ, ताप किंवा अचानक आलेली अशक्तता यांची नोंद करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.



भेटीला जाताना वहीतले एका पानावर उतरवून ते पान बसल्याबसल्या डॉक्टरांच्या हातात द्यावे. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलीही; रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही कंपवाताची औषधे चालू असताना ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके घातक ठरू शकतात, आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड कंपवात वाढवते. औषध बदलले तर आठवडाभराने पुन्हा चार दिवसांची नोंद करावी, गजराच्या वेळा आणि बोटांची कृती मात्र पहिल्यासारखीच ठेवावी, नाहीतर दोन पाने शेजारी ठेवून काहीच कळत नाही.