मक्याचा ओलावा, बुरशी आणि मिठाची बाटली

कणसावरची हिरवट भुकटी मी कित्येक वर्षं फडक्यानं पुसून टाकत आले. दाणा स्वच्छ दिसला की झालं, असा माझा समज. पण बुरशी पुसली तरी तिनं सोडलेलं विष दाण्यात मुरलेलं असतं आणि शिजवून-भाजूनही ते पुरतं जात नाही. हे कळलं तेव्हा बुरशी पुसणं सोडलं आणि ओलाव्याच्या मागे लागले. विष मोजायला प्रयोगशाळा लागते, ओलावा आपल्यालाही तपासता येतो.

उष्ण प्रदेशातल्या मक्यात मुख्य शत्रू दोन. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस हिरवट-पिवळ्या भुकटीसारखी दिसते, बहुधा कणसाच्या शेंड्याला किंवा अळीनं पोखरलेल्या जागी. हिचं विष अफ्लाटॉक्सिन. ते यकृताचा घात करतं, त्यानं कर्करोगही होतो. केनियात २००४ मध्ये ओलसर साठवलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, त्यातले १२५ दगावले. दुसरी फ्युझेरियम व्हर्टिसिलिऑइड्स. ही पांढरी-गुलाबी, कणसावर विखुरलेल्या दाण्यांवर येते. कधी दाण्याच्या माथ्यावरून पांढऱ्या रेषा फाकलेल्या दिसतात. हिचं विष फ्युमोनिसिन, ज्यानं घोड्यांचा मेंदू अक्षरशः विरघळतो. ही जास्त लबाड, कारण वरून ठणठणीत दिसणाऱ्या दाण्यातही ती असू शकते.

शेतात दोनच गोष्टी सांभाळा. कणसाला केस येतात तेव्हापासून दाणा भरेपर्यंत पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका आणि अळीला कणसात शिरू देऊ नका. अळीनं पाडलेलं भोक म्हणजे बुरशीला उघडं दार.

खरी घाई कापणीनंतर. दाणा उपटून त्याचं बूड बघा. तिथं काळा थर दिसला की दाणा पक्व झाला. पण त्या वेळी त्यात ३० टक्क्यांच्या वर पाणी असतं. आभाळ कोरडं असेल तर शेतात उभ्या ताटावरच थोडे दिवस वाळू द्यायला हरकत नाही. पाऊस दिसत असेल तर कापून मोकळे व्हा. आणि कापलेल्या कणसांचा ढीग घालू नका. मी एकदा घातला होता. संध्याकाळ झाली होती, अंग मोडून आलं होतं, म्हणून ताडपत्री ओढली आणि झोपले. सकाळी ढिगात हात घातला तर आत वाफ कोंडलेली, दाणे गरम. वरची कणसं कोरडी होती म्हणून संशयही आला नसता. तेव्हापासून कणसं त्याच दिवशी सोलून पसरते. वाळवण २४ तासांत सुरू व्हायला हवं, फार तर ४८.

पसरायचं ते ताडपत्रीवर, उघड्या मातीवर नाही. ही बुरशी मातीतच राहते. थर पातळ ठेवा, दिवसभर वरखाली करत राहा. रात्री झाकायचा असेल तर आधी दाणा निवू द्या, नाहीतर आत घाम धरतो. मळताना काठीनं झोडपू नका. फुटक्या दाण्यात बुरशी सहज शिरते.

आता बाटली. कोरडी, पारदर्शक काचेची बाटली घ्या. तिसरा हिस्सा मका, वर दोन-तीन चमचे कोरडं मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. (पहिल्यांदा मी दमट मीठ वापरलं आणि चांगला वाळलेला मका चार दिवस उगाच उन्हात ठेवला. मीठ आधी तव्यावर गरम करून घ्या.) मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच पोती शिवू नका. आपल्याला १३ टक्के किंवा त्याखाली जायचंय, तेव्हा अजून एक-दोन कडक उन्हं द्या. मापक यंत्र मिळालं तर उत्तमच.

साठवण्याआधी एकदा निवड. फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले, किडके दाणे बाजूला काढा. काम कंटाळवाणं आहे, पण विषाचा मोठा वाटा याच दाण्यांत असतो. हवाबंद पिशव्या चांगल्या, कीड आत गुदमरते. मात्र ओला मका त्यात भरलात तर तो आंबतो. साधी पोती फळीवर, भिंतीपासून दूर.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर एका पोत्यातली मूठ देऊ नका. विष मोजक्या दाण्यांत गच्च भरलेलं असतं, बाकी ढीग निर्दोष. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून घेऊन एकत्र करा. अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किती बारीक? अमेरिकेत माणसांच्या खाण्यात २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम. अशा मापात नजर चालत नाही.

वेचून काढलेला मका गाईला किंवा कोंबड्यांना टाकायचा मोह होतो. टाकू नका. गाईनं खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतं. मी तो खोल खड्ड्यात पुरते, नाकातोंडाला फडकं बांधून, कारण ओतताना ती हिरवी भुकटी तोंडावर उडते.