इंग्रजीला जरा बाजूला बसवा आणि फ्रेंच सुरू करा (जळगाव-धुळ्यात बसूनसुद्धा जमतं)

फ्रेंच शिकायचंय म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न, क्लास कुठंय? चांगला क्लास मिळाला तर लावा, नाही मिळाला तर त्यावाचून अडत नाही, सुरुवातीची लेव्हल म्हणजे ए-१ घरी बसून होते, मोबाईल, हेडफोन, एक दोनशे पानी वही आणि रोजचा तासभर, बस. अडतं कुठं ते सांगतो. आपण फ्रेंच शब्द बघतो, एबीसीडी ओळखीची दिसते, लगेच इंग्रजीसारखं वाचायला लागतो, व्याकरणही इंग्रजीतून समजून घेतो, आणि तिथंच सगळं फसतं. ज्याच्या घरी आजी अहिराणीत 'काय करी ऱ्हायना' विचारते, शाळेत बाई मराठी बोलायच्या आणि बाजारात हिंदी चालते, त्या माणसाचं तोंड फ्रेंचसाठी इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त तयार असतं, फक्त ते वापरायचं.

आधी एक गोष्ट क्लिअर करा, कशासाठी शिकताय. हौस असेल, पुण्यात कंपनीत भाषेचा जॉब बघायचा असेल किंवा फ्रान्सला पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर डेल्फ नावाची परीक्षा असते, ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या लेव्हलच्या, सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यासाठी, मात्र डेल्फ चालत नाही, तिथं टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा लागते, रिझल्ट दोनच वर्षं धरतात, आणि फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या ड्रॉसाठी (ड्रॉ म्हणजे अर्जदारांतून गुणांप्रमाणं होणारी निवड) ऐकणं-बोलणं-वाचणं-लिहिणं चारही गोष्टींत कॅनडाच्या फ्रेंच मोजायच्या पट्टीवर, म्हणजे एनसीएलसीवर, ७ हवं, म्हणजे साधारण बी-२ च्या आसपास. ए-१ ला ऐंशी-शंभर तास लागतात, बी-२ पर्यंत सगळे मिळून साडेपाचशे-सहाशे तास धरा. रोज एक तास या हिशोबानं किती दिवस होतात ते मोजा आणि मगच 'सहा महिन्यांत कॅनडा' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे द्यायचे का ते ठरवा.

आता उच्चार. पहिले पंधरा दिवस यालाच द्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे त आणि द. फ्रेंचमधला टी हा आपला 'त' असतो, डी म्हणजे 'द', दोन्ही दाताला जीभ लावून. टोमॅटो नाही, तोमात. टेबल नाही, ताब्ल. इंग्रजी बोलणारी माणसं हे शिकायला झगडतात, आपल्याला ते जन्मापासून येतं पण एबीसीडी दिसली की आपणच 'ट' 'ड' करून ठेवतो. तसंच क आणि प, आपल्या 'कप' मधल्यासारखे कोरडे, हवा न सोडता.

नाकातले स्वर अवघड म्हणतात पण हिंदीत 'हाँ' आणि 'मैं' नीट म्हणता येतं ना, झालं मग. 'बोंझूर' (नमस्कार) म्हणताना 'बों' नंतर जीभ टाळूला लागली तर मराठी 'न' झाला, तो नको, ओठ मिटले तर 'म' झाला, तोही नको, आवाज नुसता नाकात सोडून द्यायचा. पुढं 'झू' आहे तो झाडातला झ नाही. 'श्शश्श' म्हणत रहा, जीभ तिथंच ठेवा आणि घशातून आवाज काढा, जे येईल तेच. फ्रेंचमध्ये 'मी' म्हणजे 'झ', तोही हाच, त्यामुळं हा आवाज दिवसातून शंभरदा लागतो.

मग आर. हा जिभेच्या टोकाचा नाही, घशाचा आहे. उर्दू बोलणारा मित्र 'ग़ज़ल' मधला ग़ कसा म्हणतो ते ऐका, रावेर-भुसावळकडं असे मित्र पुष्कळ सापडतील, तोच आवाज थोडा हलका केला की फ्रेंच आर. सुरुवातीला आपला साधा र बोललात तरी समोरच्याला कळतं, त्यामुळं यासाठी घसा खरवडून बसायची गरज नाही. त्यापेक्षा 'यू' कडं लक्ष द्या. तोंडात 'ई' म्हणा, जीभ हलवू नका आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. 'तू' म्हणजे तूच, पण ओठ असे. आपला साधा 'तू' म्हटला तर त्याचा अर्थ 'सगळं' होतो.

उच्चार वहीत देवनागरीत लिहावे का? शिक्षक बहुतेक नको म्हणतात. माझं मत, पहिला महिनाभर बिनधास्त लिहा, कारण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला उच्चार त्याहून वाईट, त्यात त-ट कळत नाही. फक्त ऑडिओ ऐकून लिहा, स्पेलिंग बघून नाही, आणि महिन्यानंतर सोडून द्या. एखाद्या शब्दाचा उच्चार कळत नसेल तर फोर्वो नावाची साईट आहे, तिथं खऱ्या माणसांनी बोललेले शब्द ऐकायला मिळतात.

स्पेलिंग बघून घाबरायला होतं पण त्याला नियम आहेत, इंग्रजीपेक्षा बरेच पक्के. शब्दाच्या शेवटचं व्यंजन सहसा बोलत नाहीत, फक्त सी, आर, एफ, एल हे चार बरेचदा बोलतात, 'केअरफुल' या शब्दातली व्यंजनं म्हणून लक्षात ठेवा. शेवटचा साधा ई गप्प, पण त्याच्या आधीचं व्यंजन मग बोलायचं, म्हणून मोठा म्हणजे 'ग्रां' आणि मोठी म्हणजे 'ग्रांद'. क्रियापदात 'ते' सोबत शेवटी ई-एन-टी येतं, ती तीनही अक्षरं गप्प. आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की गप्प बसलेलं अक्षर जागं होतं, आपल्या संधीसारखं, 'वू' अधिक 'आवे' म्हणजे 'वू-ज़ावे'.

हे कानात बसवायला मी जे करायला सांगतो ते असं. टीव्ही५ मोंदची फ्रेंच शिकवायची फुकट साईट आहे, ए-१ ते बी-२ लेव्हलप्रमाणं व्हिडिओ आणि सोबत मजकूर, त्यातला वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्या. मजकूर न बघता तीनदा ऐका. मग जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा, समजलं नाही तरी लिहा. समजा तुम्ही लिहिलं 'वूज़ावे दे तोमात'. आता मजकूर उघडा, तिथं चार शब्द दिसतील, तुमच्याकडं तीनच आहेत, कारण पहिले दोन चिकटलेत. पेन्सिल घ्या आणि जी अक्षरं बोललीच नाहीत त्यांच्यावर काट मारा, 'आवे' चा शेवटचा झेड गेला, 'दे' चा एस गेला, 'तोमात' चे शेवटचे ई आणि एस गेले, 'वू' चा एस मात्र ज़ होऊन पुढच्याला लागला तिथं खाली कमान काढा. मग ऑडिओ लावून त्याच्या सोबतीनं बोला, मागून नाही, सोबत, दहा वेळा तरी. शेवटी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. वाक्याचा अर्थ, 'तुमच्याकडं टमाटे आहेत का', तो सगळ्यात शेवटी बघितला तरी चालतो. रोज असा एकच तुकडा, पण तो पूर्ण. लाईट जायचा भरवसा नसेल तर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

लिंगाचं इंग्रजीवाले फार रडतात. आपल्याकडं तीन आहेत, फ्रेंचमध्ये दोनच, नपुंसक नाही. टेबलाला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही, पण आपलं लिंग तिकडं चालेलच असं नाही. कापूस आपल्यासारखाच पुल्लिंगी, 'ल कोतों'. केळं तिकडं स्त्रीलिंगी, 'ला बानान'. ट्रेन मात्र आपली ती आणि त्यांचा तो, 'ल त्रँ', आणि घर तिकडं ती, 'ला मेज़ों'. त्यामुळं शब्द कधीच एकटा पाठ करायचा नाही, 'ल' किंवा 'ला' सकटच वहीत लिहायचा, पुल्लिंगी निळ्या पेननं, स्त्रीलिंगी लाल पेननं. शेवट बघून बरंच कळतं, स्पेलिंगच्या शेवटी टी-आय-ओ-एन असेल तर जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी, ए-जी-ई असेल तर बहुतेक पुल्लिंगी, फोटो-चित्र या अर्थाचा 'इमाझ' आणि 'प्लाझ' म्हणजे समुद्रकिनारा असे काही अपवाद सोडून.

आपल्याला खरं जड जातं ते दुसरंच, हे ल-ला-अँ-यून प्रकरण, म्हणजे नामाआधी लागणारे इंग्रजी 'द' आणि 'अ' सारखे छोटे शब्द, कारण मराठीत असं काही नसतंच. आपण म्हणतो 'मी भात खातो', विषय संपला. फ्रेंचमध्ये भाताआधी 'थोडा, त्यातला' असं दाखवणारा शब्द लागतोच, 'झ मांझ द्यू री'. पाणी असेल तर 'द लो'. आणि नाही म्हटलं की ते सगळं जाऊन नुसतं 'द' उरतं. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करा, 'झ न मांझ पा द व्यांद', मी मांस खात नाही. पॅरिसमध्ये याचा 'बोंझूर' इतकाच उपयोग आहे. बोलताना 'न' बरेचदा गाळतात, नुसता 'पा' ऐकू आला तरी नकार समजायचा.

क्रियापदं चारच आधी पक्की करा, असणं, जवळ असणं, जाणं, करणं, म्हणजे एत्र, आव्वार, आले, फेर. ही चारही वेडीवाकडी चालतात, पाठच करावी लागतात. बाकीची बहुतेक ई-आर वाली, एक आलं की शेकडो आली, आणि 'मी, तू, तो, ते' या चौघांचा उच्चार एकच राहतो, लिहायला फक्त वेगळं. भविष्यकाळासाठी 'जाणं' चं रूप आणि पुढं मूळ क्रियापद, 'झ व्हे मांझे', मी जेवणार आहे. एवढ्यावर ए-१ चं निम्मं काम भागतं. वय आणि भूक सांगताना इंग्रजीतून भाषांतर करू नका, फ्रेंचमध्ये वय 'असतं' नाही, वय 'जवळ असतं', भूकसुद्धा.

आकड्यांसाठी आठवडे बाजारात जा. खरंच. एकोणसत्तरपर्यंत सरळ आहे, मग सत्तर म्हणजे साठ-दहा, पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा 'स्वासांत-कँज़', ऐंशी म्हणजे चार-वीस 'कात्र-व्हँ', सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा 'कात्र-व्हँ-दी-सेत'. लोक यावर हसतात, पण आपल्याकडचे म्हातारे लोक विसानं मोजायचे, चार विसा म्हणजे ऐंशी, तेच हे. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले सत्तरला सरळ 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' म्हणतात, शहाणे लोक.) भरताची वांगी ऐंशी रुपये म्हटलं की मनात 'कात्र-व्हँ', मेथीची जुडी पंधरा 'कँज़', बाजार फिरून होईस्तोवर दीडशे आकडे होतात आणि कोणाला कळतही नाही.

तू आणि तुम्ही ते आपल्याला शिकवायची गरज नाही, 'त्यू' आणि 'वू', एकाला आदरानं तुम्ही आणि अनेकांना तुम्ही, दोन्हीला 'वू'. दुकानदार, साहेब, अनोळखी माणूस सगळे 'वू'. एकच फरक, फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बोंझूर' म्हणायचंच, न म्हणता डायरेक्ट 'हे कितीला' विचारणं उद्धटपणा समजतात. अजिंठ्याला फ्रेंच पर्यटक येतात, जळगाव स्टेशनवर उतरूनच पुष्कळ जण पुढं जातात, कोणी निवांत दिसलं तर बोंझूर म्हणून दोन वाक्यं बोलून बघा, पण पाहुण्याच्या मागं लागू नका भो, ते फिरायला आलेत.

ॲप्सबद्दल, ड्युओलिंगो शब्द आठवायला ठीक, त्याची स्ट्रीक म्हणजे फ्रेंच येणं नव्हे, तोंड उघडल्याशिवाय काही होत नाही. शब्द टिकवायला अँकी चांगलं, अँड्रॉइडवर फुकट आहे. आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या असतात, नाव सोपं आहे पण नवशिक्याला झेपत नाहीत, ए-२ झाल्यावर लावा. मोबाईलवर ई दाबून धरला की डोक्यावर रेघा असलेले सगळे ई येतात, त्या रेघा शोभेच्या नाहीत, उच्चार बदलतो, पहिल्या दिवसापासून टाका.

परीक्षा द्यायची असेल तर ए-१ ची डेल्फ पुण्याच्या किंवा मुंबईच्या आलियांस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत देता येते, तारखा आणि फी त्यांच्या साईटवर बघा, फॉर्म लवकर भरा. आपल्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा, सकाळच्या पेपरला गाडीच्या भरवशावर राहू नका. चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि कुठल्याही एका भागात पाचच्या खाली गेलात तर नापास, त्यामुळं बोलणं सोडून बाकीच्यावर मार्क ओढू म्हणणाऱ्यांनी जपून. तोंडी परीक्षा पाच-सात मिनिटांची, त्याआधी तयारीला दहा मिनिटं. आधी स्वतःबद्दल विचारतात, नाव, गाव, घरी कोण, काय करता. मग शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या देतात आणि त्यावरून तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचे, इथं लोक गडबडतात कारण घरी सगळ्यांनी उत्तरंच पाठ केलेली असतात, म्हणून रोज पाच प्रश्न बनवायची सवय ठेवा, 'कुठं', 'कधी', 'किती', 'का', 'कोण'. शेवटी खरेदीचं नाटक, परीक्षक दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक, खोट्या नोटा-नाणी समोर. बोंझूर म्हणा, भाव विचारा, काय पाहिजे ते आणि किती पाहिजे ते सांगा, पैसे मोजून द्या. काही कळलं नाही तर गप्प बसू नका, 'वू पूव्हे रेपेते, सिल वू प्ले' म्हणजे परत सांगता का प्लीज, एवढं म्हणायचं, या लेव्हलला परत विचारणं चालतं.